पोर्ट ऑफ स्पेन ते अरिमा : त्रिनिदादचे लांबट शहर समजून घेताना

त्रिनिदाद आणि टोबॅगो या जोडदेशाची राजधानी असलेल्या पोर्ट ऑफ स्पेनची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत जेमतेम ३७ हजार भरली. त्याच जनगणनेत दक्षिणेकडच्या सॅन फर्नांडोची लोकसंख्या सुमारे ४९ हजार होती, आणि ज्याला शहराचा दर्जाही नाही अशा शग्वानासची सुमारे ८३ हजार. हे आकडे वाचून राजधानी म्हणजे एखादे निवांत बंदरगाव असेल असा समज करून घेतलेला प्रवासी पहिल्याच सकाळी बुचकळ्यात पडतो. रस्ते वाहनांनी तुंबलेले असतात आणि पदपथांवर पाऊल ठेवायला जागा नसते. गावाची हद्द संपली असे नकाशा सांगतो, पण पूर्वेकडे घरे, दुकाने, शाळा, देवळे, मशिदी आणि चर्चे यांची रांग काही तुटत नाही. ती तशीच सुमारे २५ किलोमीटर चालू राहते आणि अरिमा नावाच्या गावापाशी कुठे जरा विरळ होते.

या रांगेतल्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचे नाव आहे : लॅव्हेंटिल, बाराटारिया, सॅन हुआन, सेंट जोसेफ, क्युरीप, सेंट ऑगस्टीन, टुनापुना, टकारिग्वा, अरूका, अरिमा. कागदोपत्री ती वेगवेगळ्या स्थानिक संस्थांच्या अखत्यारीत येतात. तिथले नियोजनकार मात्र या सगळ्याला मिळून ‘ईस्ट-वेस्ट कॉरिडॉर’ म्हणतात आणि देशाचे खरे महानगर तेच आहे. पोर्ट ऑफ स्पेन हे त्या महानगराचे पश्चिम टोक. पर्यटनाच्या पुस्तिका राजधानीतली आठ-दहा ठिकाणे सांगून थांबतात, त्यामुळे हा लांबट आकार प्रवाशाच्या लक्षातच येत नाही. त्रिनिदादच्या गावांची भेट अर्धवट राहण्याचे मुख्य कारण माझ्या मते हेच आहे. म्हणून आधी हा आकार कसा घडला ते पाहू आणि मग त्याच्या क्रमानेच गावांतून जाऊ.

डोंगर, नदी आणि त्यांच्यामधली वाट

त्रिनिदाद हे सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचे बेट व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, अवघ्या ११ किलोमीटरवर आहे. बेटाच्या उत्तर कडेने पश्चिमेकडून पूर्वेकडे एक डोंगररांग जाते. तिला ‘नॉर्दर्न रेंज’ म्हणतात आणि तिचे सर्वांत उंच शिखर सुमारे ९४० मीटरचे आहे. या रांगेच्या दक्षिणेला करोनी नदीचे सखल खोरे पसरलेले आहे. पावसाळ्यात ही नदी आजही पात्र सोडून पसरते, आणि समुद्राला मिळण्यापूर्वी तिची मोठी दलदल होते. म्हणजे एका बाजूला चढण आणि दुसऱ्या बाजूला चिखल. माणसाला कोरड्या पायांनी पूर्व-पश्चिम जायचे असेल, तर डोंगराच्या पायथ्याची अरुंद पट्टी हीच काय ती सोयीची जागा होती. त्यातच डोंगरातून उतरणाऱ्या प्रत्येक दरीच्या तोंडाशी गोड्या पाण्याची नदी होती. अशा प्रत्येक तोंडाशी आधी मूळ रहिवाशांची वस्ती, मग स्पॅनिश मिशन किंवा उसाचा आणि कोकोचा मळा, आणि मळ्याभोवती गाव, असे थर चढत गेले. आज पूर्वेकडे जाताना दर दोन-तीन किलोमीटरवर नवे नाव लागते ते यामुळे.

या पायवाटेचा पुढे ‘ईस्टर्न मेन रोड’ झाला. त्याला समांतर १८७६ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन ते अरिमा अशी आगगाडी सुरू झाली आणि स्थानकांभोवती बाजार वाढले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अरिमाच्या पूर्वेला वॉलरफील्ड इथे हवाईतळ उभारला. त्या तळाकडे सामान नेण्यासाठी जुन्या रस्त्याच्या दक्षिणेला सरळसोट नवा रस्ता बांधला. युद्धानंतर तो सर्वांना खुला झाला आणि चर्चिल-रूझवेल्ट महामार्ग म्हणून ओळखला जाऊ लागला. आगगाडी १९६८ मध्ये कायमची बंद पडली. तिचे रूळ उखडले गेले, पण मोकळ्या झालेल्या जागेवर फक्त बसगाड्या, परवानाधारक मॅक्सी (खासगी लहान बस) आणि तातडीच्या सेवांची वाहने यांच्यासाठी रस्ता तयार झाला. त्याला ‘प्रायॉरिटी बस रूट’ म्हणतात.

अशा रीतीने आज या पट्ट्यात तीन समांतर मार्ग आहेत आणि तिघांचे स्वभाव निराळे आहेत. उत्तरेचा मेन रोड म्हणजे बाजार, गर्दी, थांबत थांबत जाणे आणि गावे पाहणे. मधला बस रूट म्हणजे जुन्या रुळांच्या वाटेवरून झपाट्याने पोहोचणे. दक्षिणेचा महामार्ग म्हणजे मोटारी, मॉल आणि विमानतळाकडे वळणारा फाटा. कोणत्या कामासाठी कोणता मार्ग हे एकदा कळले की या महानगरात हरवणे कठीण जाते.

मॅक्सी म्हणजे काय

मार्गांबरोबर वाहनेही समजून घ्यायला हवीत, कारण बाहेरून आलेला माणूस सर्वांत आधी इथेच अडखळतो. मॅक्सी म्हणजे पांढऱ्या रंगाची लहान बस किंवा मोठी व्हॅन. तिच्या अंगावर एक आडवा रंगीत पट्टा असतो आणि तो पट्टा तिचा प्रदेश सांगतो. पिवळा पट्टा राजधानीच्या पश्चिमेकडच्या भागांसाठी, लाल पूर्वेच्या पट्ट्यासाठी, हिरवा राजधानीतून शग्वानास आणि सॅन फर्नांडोकडे जाण्यासाठी. काळा आणि तपकिरी पट्टा दक्षिणेत सॅन फर्नांडोच्या पुढे दिसतात, तर निळा टोबॅगो बेटावर. या गाड्या खासगी मालकीच्या असतात. त्यांना वेळापत्रक नसते. गाडी भरली की निघते. राजधानीतला त्यांचा मुख्य तळ ‘सिटी गेट’ हा जुन्या रेल्वे स्थानकाच्याच इमारतीत आहे. आगगाडी जाऊन अर्धशतक उलटले तरी माणसे त्याच दारातून त्याच दिशेला निघतात.

लाल पट्ट्याच्या मॅक्सीत चढण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : “बस रूट की मेन रोड?” दोन्ही गाड्या एकाच गावाला जाणार असतील, पण एकीने गेल्यास वाटेतले काहीच दिसणार नाही आणि दुसरीने गेल्यास सगळे दिसेल, फक्त वेळ बराच जास्त लागेल. सरकारी बसगाड्याही आहेत, मात्र त्यांचे तिकीट चढण्यापूर्वी काढून ठेवावे लागते. याखेरीज ‘रूट टॅक्सी’ हा प्रकार आहे. ही साधी मोटारच असते. ती ठरलेल्या रस्त्यावर ये-जा करते आणि वाटेत चार-पाच अनोळखी प्रवासी घेते. तिच्या क्रमांकाच्या पाटीची सुरुवात ‘एच’ या अक्षराने होते. खासगी मोटारीच्या पाटीवर ‘पी’ असतो, आणि ‘पी’ची गाडी भाड्याने चालवणाऱ्याला लोक ‘पीएच’ म्हणतात. हा व्यवहार बेकायदा असला तरी सर्रास चालतो. नवख्या माणसाने मात्र ‘एच’ पाहूनच बसावे.

आणखी एक व्यवहारी गोष्ट. पट्ट्यातली माणसे सकाळी कामासाठी पश्चिमेला राजधानीकडे जातात आणि संध्याकाळी पूर्वेला घराकडे परततात. ती राजधानीला नुसते ‘टाउन’ म्हणतात. पाहुण्याने टाउनमध्ये मुक्काम करावा आणि सकाळी उलट दिशेने, म्हणजे पूर्वेकडे निघावे. समोरच्या बाजूला खोळंबलेली रांग पाहत आपण मोकळ्या रस्त्याने जातो.

राजधानी : समुद्र मागे ढकललेले गाव

पोर्ट ऑफ स्पेन ही मुळात राजधानी नव्हती. स्पॅनिशांनी १५९२ मध्ये वसवलेली राजधानी आतल्या बाजूला, आज ज्याला सेंट जोसेफ म्हणतात तिथे होती, आणि हे किनाऱ्यावरचे ठिकाण म्हणजे चिखलाच्या काठाला असलेला साधा धक्का होता. सेंट जोसेफमधली सरकारी घरे मोडकळीला आल्यावर १७५७ मध्ये गव्हर्नराने आपले बिऱ्हाड किनाऱ्यावर हलवले. गावाचे नशीब उजळले ते १७८३ मध्ये. स्पेनच्या राजाने जाहीरनामा काढून कॅथलिक वसाहतवाल्यांना इथे जमीन देऊ केली आणि आसपासच्या बेटांवरून फ्रेंच भाषक मळेवाले आपल्या गुलामांसह येऊन धडकले. त्यामुळे राज्य स्पॅनिशांचे आणि बोली फ्रेंच, अशी अजब स्थिती झाली. १७९७ मध्ये ब्रिटिशांनी बेट घेतले आणि तिसरी भाषा आली. गावांच्या नावांत ही तिन्ही पाणी अजून मिसळलेली आहेत.

शेवटचा स्पॅनिश गव्हर्नर चाकोन याने गावातून वाहणारी नदी १७८७ मध्ये पूर्वेला लॅव्हेंटिलच्या टेकड्यांच्या पायथ्याशी वळवली आणि गावाला वाढायला जागा करून दिली. या नदीला आज ‘ड्राय रिव्हर’ म्हणतात. काँक्रीटचे काठ असलेला तो बहुतेक काळ कोरडा असणारा नाला पाहून कुणालाही हसू येईल, पण शहराची सामाजिक सीमारेषाही तीच ठरली. नाल्याच्या पश्चिमेला व्यापारी आणि सरकारी शहर वाढले. पूर्वेच्या टेकड्यांवर गुलामीतून सुटलेल्यांची आणि पुढे रोजगारासाठी आलेल्यांची दाटीची वस्ती झाली. स्टीलपॅन हे वाद्य १९३० आणि १९४० च्या दशकांत याच वस्त्यांतून आकाराला आले. आधी बिस्किटांचे आणि रंगाचे डबे, मग तेलाची पिंपे ठोकून ठोकून माणसांनी त्यातून पूर्ण स्वरसप्तक काढले. आज ते देशाचे राष्ट्रीय वाद्य आहे. लॅव्हेंटिल परिसरात टोळीहिंसेचा प्रश्न गंभीर आहे, त्यामुळे तिथे एकट्याने भटकू नये. ओळखीच्या स्थानिक माणसाबरोबर पॅनच्या सरावाच्या अंगणात, म्हणजे ‘पॅनयार्ड’मध्ये जाणे हा वेगळा भाग.

शहर पायी पाहायला साऊथ की या रस्त्यावरून सुरुवात करावी. तिथे सॅन आंद्रेस नावाचा छोटासा किल्ला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो बांधला तेव्हा तो किनाऱ्यापासून सुटा, पाण्यात होता. आज त्याच्या चारही बाजूंनी डांबरी रस्ते आणि इमारती आहेत आणि समुद्र दिसतही नाही. आता याच किल्ल्याकडे पाठ करून उत्तरेला थोडे चालले की इंडिपेंडन्स स्क्वेअर लागतो. एके काळी किनारा याच्या आसपास होता. पुढचे सगळे, अगदी बंदराजवळचा राइटसन रोडसुद्धा, भराव घालून मिळवलेले आहे. या चौकातल्या पायरस्त्याला आता ब्रायन लाराचे नाव आहे आणि संध्याकाळी तिथे बुद्धिबळाचे पट मांडलेले दिसतात.

तिथून फ्रेडरिक स्ट्रीटने वर गेले की वुडफर्ड स्क्वेअर येतो. १८०८ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला आणि १८१३ मध्ये आलेल्या गव्हर्नर वुडफर्डने तो नीटनेटका पुन्हा मांडला, म्हणून चौकाला त्याचे नाव. पण लोकांच्या आठवणीत हा चौक आहे तो एरिक विल्यम्स यांच्यामुळे. इतिहासकार असलेल्या आणि पुढे देशाचे पहिले पंतप्रधान झालेल्या विल्यम्स यांनी १९५५ पासून इथे उभे राहून हजारो श्रोत्यांपुढे गुलामगिरी, साखर आणि राज्यघटना या विषयांवर व्याख्याने दिली. या चौकाला त्यांनी ‘युनिव्हर्सिटी ऑफ वुडफर्ड स्क्वेअर’ असे नाव दिले. समोरची लाल इमारत म्हणजे ‘रेड हाऊस’, देशाची संसद. पाण्याच्या नव्या कायद्यावरून १९०३ मध्ये दंगल उसळली तेव्हा जमावाने ही इमारत जाळली. आज दिसते ती त्यानंतर बांधलेली आहे. १९९० च्या जुलैमध्ये याच इमारतीत बंडखोरांनी पंतप्रधानांसह अनेकांना ओलीस धरले होते.

आणखी वर गेले की क्वीन्स पार्क सव्हाना हे सुमारे २६० एकरांचे मैदान लागते. इथे एका घराण्याच्या मळ्याची जमीन होती. ती वुडफर्डने विकत घेतली, पण त्या घराण्याची खासगी दफनभूमी मात्र सोडून दिली. ती आजही मैदानाच्या मधोमध भिंतीआड आहे. मैदानाच्या पश्चिम कडेला विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या सात इमारती ओळीने उभ्या आहेत. एक स्कॉटिश किल्ल्यासारखी, एक व्हेनिसच्या महालासारखी, एक फ्रेंच नक्षीच्या लोखंडी झालरींची, एक घड्याळाचा मनोरा असलेली शाळा. कोकोच्या पैशाने धनिकांना कोणती स्वप्ने पडत होती ते या ओळीत दिसते. कार्निव्हलचे मुख्य मंच याच मैदानावर असतात. तो ॲश वेन्सडेच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासपर्वाच्या पहिल्या दिवसाच्या, आधीच्या सोमवारी आणि मंगळवारी असतो. त्या आठवड्यात गावे पाहण्याचा बेत करू नये, कारण तेव्हा गाव दिसत नाही, फक्त मिरवणूक दिसते. ज्यांना तीच पाहायची आहे त्यांची गोष्ट निराळी.

मराठी वाचकाला या शहरात एक ठिकाण आधीपासून ओळखीचे आहे : क्वीन्स पार्क ओव्हल. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीजवर कसोटीतला पहिला विजय मिळवला तो इथे. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाई यांनी त्या सामन्यात ११२ धावा केल्या आणि सुनील गावसकर नावाच्या पदार्पण करणाऱ्या मुलाने ६५ आणि नाबाद ६७. महिनाभराने मालिकेच्या शेवटच्या सामन्यात याच मैदानावर गावसकरांनी १२४ आणि २२० अशा दोन खेळी केल्या. १९७६ मध्ये चौथ्या डावात ४०३ धावांचे लक्ष्य भारताने पार केले तेही इथेच. ट्रॅगरेट रोडवरून दिसणारे हे मैदान, मागे उत्तरेचे हिरवे डोंगर. रेडिओवर ज्यांनी ते सामने ऐकले त्या पिढीला फक्त ही डोंगराची बाजू दिसलेली नव्हती.

ओव्हलपासून पश्चिमेला थोडे गेले की सेंट जेम्स येते, आणि रस्त्यांच्या पाट्या वाचताना पाय थबकतात : दिल्ली स्ट्रीट, कलकत्ता स्ट्रीट, मद्रास स्ट्रीट, लखनौ स्ट्रीट. गुलामगिरी १८३८ मध्ये पूर्ण संपल्यावर मळ्यांना मजूर हवे होते. ३० मे १८४५ रोजी पहिले जहाज भारतीय मजूर घेऊन आले, आणि १९१७ पर्यंत करारावर १ लाख ४० हजारांहून अधिक माणसे आली. बहुतेक जण आजच्या बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून कलकत्त्यामार्गे आले, काही मद्रासमार्गे. महाराष्ट्रातून जाणारे यात नगण्य होते, त्यामुळे तिथल्या भारतीय संस्कृतीची चव भोजपुरी आहे, हे लक्षात ठेवून जावे. तरीही मोहरमच्या दिवसांत सेंट जेम्समध्ये ताबूत निघतात तेव्हा त्यांच्यापुढे वाजणाऱ्या वाद्याचे नाव ‘टासा’ असते. शब्द आणि वाद्य, दोन्ही आपल्या ताशाचे सख्खे भाऊ.

पूर्वेकडे, मेन रोडने

राजधानीतून निघाल्यावर पहिला मोठा बाजार सॅन हुआनचा. स्पॅनिश वाचनाप्रमाणे उच्चार केला तर चालकाला कळणार नाही. तिथे ‘सावां’ म्हणतात. गावाचा चौक फ्रेंच नावाचा आहे, त्याचा स्थानिक उच्चार ‘क्वेसे’. स्पॅनिश गावात फ्रेंच चौक आणि त्यात इंग्रजी बोलणारा विक्रेता. भाज्या, चप्पल, माशांची पाटी, दूरध्वनीची दुकाने आणि मोठ्या आवाजातले सोका हे तिथले नाचाचे संगीत, असा एकत्र कल्लोळ. इथे पाहण्यासारखे स्मारक काही नाही. तासभर उभे राहून बघावे आणि पुढे निघावे.

सेंट जोसेफ ही जुनी राजधानी. टेकडीच्या उतारावर चर्च आहे, त्याच्यापुढे चौक आहे, आणि स्पॅनिश मांडणीची पुसट आठवण या दोहोंतच उरली आहे. इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅलेने १५९५ मध्ये हे गाव जाळले होते, त्यामुळे जुन्या वास्तूंची अपेक्षा ठेवू नये. रस्त्यालगत घुमट आणि मिनार असलेली जी पांढरी मशीद दिसते, तिला मोहम्मद अली जिना यांचे नाव आहे. याच बेटावर सॅन फर्नांडोच्या मुख्य चौकात महात्मा गांधींचा पुतळा आहे. उपखंडापासून इतक्या दूर, दोघांनाही जागा मिळालेली.

पुढे क्युरीपचा चौक. इथे उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता मेन रोडला मिळतो, त्यामुळे गाड्या बदलणारी माणसे दिवसभर उभी असतात आणि जिथे माणसे उभी असतात तिथे ‘डबल्स’ असतात. त्रिनिदादचा हा सर्वांत लाडका न्याहारीचा पदार्थ. विक्रेत्याच्या गाड्यावर एका पेटीत फडक्याखाली मऊ, हळदीने पिवळ्या झालेल्या तळलेल्या पोळ्या असतात. त्यांना ‘बारा’ म्हणतात. हा शब्द आपल्या वड्याचाच नातलग आहे. विक्रेता कागदावर एक बारा टाकतो, त्याला थोडी झाकणारी दुसरी ठेवतो, वर छोल्यांचा पातळसर रस्सा ओततो आणि मान वर न करता विचारतो, “पेपर?”, म्हणजे मिरचीची तिखट चटणी हवी का. उत्तर एका शब्दात द्यायचे. ‘स्लाइट’ म्हटले तर तिखटाचा नुसता स्पर्श होतो, आणि नवख्या माणसाला तेवढाही पुरतो. त्यावर चिंचेचे पाणी, किसलेल्या कैरीचा ‘कुचेला’ आणि काकडी. चमचा मागू नये, कागदावरच बोटांनी चिमटीत धरून उभ्याने खायचे. किती खाल्ले ते आपणच लक्षात ठेवून शेवटी सांगायचे असते. हा पदार्थ १९३० च्या दशकात दक्षिणेकडच्या प्रिन्सेस टाउनमध्ये जन्मला. आधी एकच बारा असायचा. गिऱ्हाईक दुसरा मागू लागले आणि नाव पडले ‘डबल्स’.

क्युरीपला लागूनच सेंट ऑगस्टीनला वेस्ट इंडीज विद्यापीठाचा परिसर आहे. उष्ण कटिबंधातली शेती शिकवणारे एक नामवंत कॉलेज इथे १९२० च्या दशकात सुरू झाले आणि १९६० मध्ये ते विद्यापीठात सामील झाले. जगातल्या कोकोच्या वाणांचा एक मोठा जिवंत संग्रह हे विद्यापीठ सांभाळते. चॉकलेटच्या वेष्टनावर ‘ट्रिनिटारिओ’ हा शब्द वाचला असेल, तर तो वाण याच बेटाचा. वरच्या डोंगरउतारावर बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आहे. तिथवर चढून गेले की पायथ्याची वस्ती, तिच्या पलीकडचा महामार्ग आणि त्यापुढचे करोनीचे सपाट खोरे एका दृष्टिक्षेपात येते. आतापर्यंत जे शब्दांत सांगितले ते इथून डोळ्यांना दिसते, म्हणून ही चढण चुकवू नये.

टुनापुना हे बाजारासाठी ओळखले जाणारे गाव, आणि विचारवंत व क्रिकेटभाष्यकार सी. एल. आर. जेम्स यांचे जन्मस्थान. त्यानंतरची टकारिग्वा आणि अरूका मॅक्सीच्या खिडकीतून पाहिली तरी पुरे. अरूकाच्या दक्षिणेला पियार्को विमानतळ आहे, म्हणजे विमानाने येणारा माणूस मुळात या पट्ट्याच्या पूर्वेकडच्या भागात उतरतो आणि काही न पाहता महामार्गाने पश्चिमेला निघून जातो.

अरिमाला पोहोचल्यावर हवा थोडी बदललेली वाटते. डोंगर जवळ येतात, घरे ठेंगणी होतात. नगरपालिकेचा दर्जा या गावाला १८८८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या सनदेने मिळाला, आणि त्याचा अभिमान अजून आहे. मुख्य रस्त्यावरचे घड्याळ, ज्याला सगळे ‘डायल’ म्हणतात, १८९८ मध्ये इथल्या महापौराने गावाला भेट दिले. कुणाला भेटायचे असले की “डायलपाशी ये” एवढेच सांगतात. गावाचे वेगळेपण मात्र आणखी जुने आहे. युरोपियन येण्यापूर्वीच्या रहिवाशांचे वंशज आपली ओळख सांगत एकत्र राहिले ते इथे. दर ऑगस्टमध्ये ते सांता रोझा या संतिणीचा उत्सव साजरा करतात. त्यात कॅथलिक मिरवणूक असते आणि तिच्याबरोबर पूर्वजांचे धूपविधीही असतात. मिशनऱ्यांनी दिलेला धर्म आणि त्याआधीचा धर्म एकाच अंगणात नांदताना पाहायचे असेल तर या महिन्यात यावे.

दक्षिणेचे वळण

पट्ट्याबाहेरची दोन गावे तरीही पाहायला हवीत. हिरव्या पट्ट्याच्या मॅक्सीने करोनी ओलांडली की उसाचा जुना प्रदेश सुरू होतो. सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली. शेतांच्या जागी घरे उठली आणि मळ्यांची बाजारपेठ असलेले शग्वानास फुगत गेले. लेखक व्ही. एस. नायपॉल यांचा जन्म इथला, १९३२ चा. त्यांच्या आजोळचे घर, ज्याला ‘लायन हाऊस’ म्हणतात, मुख्य रस्त्यावर आपल्या जाड पांढऱ्या भिंतींसह अजून उभे आहे. सभोवती कपड्यांच्या आणि मोबाइलच्या दुकानांचा वेढा पडल्याने ते शोधावे लागते. दिवाळीला इथे ‘दिवाली नगर’ भरते आणि जवळच्या फेलिसिटी वस्तीत रस्त्यांच्या दुतर्फा बांबूच्या कमानींवर पणत्या लागतात. इथून पुढे कारापिचाइमाला दत्तात्रेयांचे मंदिर आहे आणि त्याच्या आवारात ८५ फूट उंच हनुमान. म्हैसूरच्या दत्तपीठाशी ते जोडलेले आहे. दत्तभक्तांच्या घरातून आलेल्या मराठी माणसाला पूर्वसूचना नसेल, तर कॅरिबियनमधल्या या पाटीपुढे तो क्षणभर उभा राहतोच.

सॅन फर्नांडो म्हणजे लोकांच्या तोंडी ‘सँडो’. तेलाच्या पैशावर वाढलेले, चढउतारांच्या रस्त्यांचे शहर. मधोमध एक टेकडी आहे. दगडासाठी ती वर्षानुवर्षे पोखरली गेल्याने तिचा आकार उष्टावलेल्या लाडवासारखा झाला आहे. माथ्यावरून समुद्र आणि उत्तरेला २०१८ मध्ये बंद पडलेल्या तेलशुद्धीकरण कारखान्याची धुराडी दिसतात. १८८४ मध्ये याच शहराच्या वेशीवर मोहरमच्या मिरवणुकीवर ब्रिटिशांनी गोळीबार केला होता. गांधींच्या पुतळ्याच्या हॅरिस प्रॉमनेडवर फिरताना हे ठाऊक असलेले बरे.

परतताना मॅक्सी टाळावी आणि २००८ मध्ये सुरू झालेली वॉटर टॅक्सी, म्हणजे प्रवासी बोट घ्यावी. तिच्या फेऱ्या मुख्यतः नोकरदारांच्या वेळांप्रमाणे असल्याने दिवस आणि वेळ आधी विचारून घ्यावी. बोट पारियाच्या आखातातून उत्तरेला जाते. उजव्या हाताला आधी सपाट किनारा, मग करोनीच्या दलदलीतली गर्द खारफुटी. सायंकाळी तिच्यावर लाल आयबिस पक्षी उतरतात. समोर नॉर्दर्न रेंज हळूहळू उंच होत जाते आणि तिच्या पायथ्याशी दिवे लागलेली वस्ती पूर्वेकडे लांबच लांब गेलेली दिसते. बोट राइटसन रोडच्या धक्क्याला लागते. तिथून पाण्यातल्या त्या जुन्या किल्ल्यापर्यंत आता पायी चालत जाता येते.